अंथरूण ओले करणारे मूल

सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबे एकाच खोलीत राहतात. वडील लूमवर १२ तासांची पाळी करून आलेले असतात आणि पहाटे कळते की मुलाने गोधडी ओली केली आहे. एका अंथरुणावर चौघे असले तर चौघांची झोप मोडते. मग मुलाला चापट बसते. पण जे झोपेत घडते ते माराने कसे थांबेल?

पाच वर्षांच्या १०० मुलांपैकी सुमारे १५ मुलांना हा त्रास असतो. वय वाढते तशी त्यांतील बहुतेक आपोआप कोरडी राहू लागतात. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक स्राव होतो, तो काही मुलांत अपुरा पडतो. काहींचे मूत्राशय लवकर भरते, आणि ते भरल्याचे गाढ झोपेत मुलाला कळत नाही. आईवडिलांपैकी कोणाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याचा संभव वाढतो. तेव्हा रागावण्याआधी आजीला विचारून पाहावे!

संध्याकाळपासून पाणी तोडणे बरोबर नाही. पुष्कळ मुले शाळेत पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात आणि घरी येऊन तांब्याभर पाणी पितात. दिवसा भरपूर पाणी द्यावे, दोन-तीन तासांनी लघवीला पाठवावे आणि निजण्यापूर्वी तास-दोन तास पाणी बेताचे द्यावे. रात्रीचा चहा मात्र बंदच. शौचास खडा होत असेल तर आधी त्यावर उपाय करावा. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. सामाईक संडास लांब असेल तर निजताना खोलीतच एक डबा ठेवावा. गोधडीखाली प्लॅस्टिक घालावे. पोटावर डाग देण्यासारखे प्रकार कोणी सुचवले तर मुळीच ऐकू नये.

सात वर्षांनंतरही त्रास राहिला तर नवी सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ओल लागताच वाजणारी घंटा दोन-तीन महिने नेमाने वापरल्यास पुष्कळ मुलांना गुण येतो. गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत. त्या घेतल्यावर रात्री जास्त पाणी पिणे धोक्याचे असते.

लघवीला जळजळ, ताप किंवा दिवसाही कपडे ओले होणे, यांपैकी काही दिसले तर वयाची वाट पाहू नये. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्याला सारखी तहान लागते आणि ते वाळत चालले आहे, असे दिसले तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन रक्तातील साखर तपासून घ्यावी.