घरोघरीच्या गौरी

भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर परत जातात. पंचांग सगळ्यांचे एकच. येणारी गौर मात्र घरागणिक निराळी. माझ्या माहेरी खड्यांची गौर. पाणवठ्यावरून पाच-सात खडे मुक्याने आणायचे, पुजायचे, घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवायचा, झाले! लग्न होऊन विदर्भात आले आणि थक्कच झाले. इथे त्या गौरी नव्हेत, महालक्ष्म्या. ज्येष्ठा-कनिष्ठा दोघी मुखवट्यांच्या, भरजरी लुगडी नेसून उभ्या. शेजारी त्यांची मुलेबाळे. पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबील तर हवीच.

कोकणात कितीतरी घरी तेरड्याची रोपेच गौर होतात. त्यांची मुळे म्हणजे देवीची पावले. काही घरी तिला मटण-मासळीचा नैवेद्य लागतो. (हे ऐकून सासूबाईंनी कानांवर हात ठेवले होते!)

देवीला कोणत्याच रूपाचे वावडे नाही. शाक्तांच्या दहा महाविद्यांत तर धूमावती आहे. वृद्ध, मळक्या वस्त्रातली, हातात सूप, ध्वजावर कावळा. आणि चक्क विधवा. तीही देवीच.

आमच्या आत्याबाईही विधवा. महालक्ष्म्यांच्या लुगड्यांच्या निऱ्या त्यांच्यासारख्या कुणाला जमत नाहीत. आदल्या रात्री सगळी लुगडी चुणून ठेवायची, आणि सकाळी मुखवटे चढवताना आपणहून मागल्या खोलीत जायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही तसेच करावे, असे परिपत्रक सरकारने त्याच महिन्यात काढले. पण देवघरात कुठली आली ग्रामसभा? त्या वर्षी मी सासूबाईंना म्हटले, "यंदा मुखवटे आत्याबाईंनी चढवू देत." त्या म्हणाल्या, "घरची रीत आहे ती." मी म्हटले, "आई, रीत माझ्या माहेरीही आहे. तिथे ना मुखवटे, ना लुगडी; तरी गौर येतेच की!"

त्या गप्प राहिल्या. गेल्या वर्षी मात्र आंबिलीचे पातेले घेऊन आत्याबाई थेट महालक्ष्म्यांपुढे आल्या, तेव्हा सासूबाईंनीच पाट सरकवून जागा करून दिली. संध्याकाळी हळदीकुंकवाचा करंडा फिरला, तो आत्याबाईंना वगळूनच. यंदा तो माझ्या हातात असणार आहे.