सिमेंटच्या तयार फळ्यांची अवजारखोली

शेतावर अवजारे, खतांच्या गोणी, फवारणीचा पंप, ताडपत्री आणि जाळी ठेवण्यासाठी एक लहानशी पक्की खोली असावी, ही गरज प्रत्येक शेतकऱ्यास जाणवते. परंतु गवंडी वेळेवर मिळत नाही, चिऱ्याचे काम लांबते आणि पावसाळा तोंडाशी येऊन ठेपतो, यामुळे हे काम वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाते. कुंपणासाठी लागणाऱ्या सिमेंटच्या तयार फळ्या व खाचांचे खांब आता पुष्कळ तालुक्यांच्या ठिकाणी तयार होतात. ह्याच साहित्यातून थोड्याच आठवड्यांत अशी खोली उभी करता येते. मात्र कुंपण आणि खोली यांत एक मोठा फरक आहे. कुंपणाला छप्पर नसते. हा फरक ध्यानात न घेता केवळ फळ्या रचून वर पत्रे टाकले, तर पहिल्या मोठ्या वादळात खोलीपेक्षा शेजाऱ्यालाच अधिक धोका संभवतो.

प्रस्तुत लेखकाला ह्या विषयाकडे वळावे लागले ते शेतावर नव्हे, तर मुंबईत, वरळीच्या बीडीडी चाळीत. आमचे थोरले काका संगमेश्वर तालुक्यातून गिरणीत कामाला आले. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली. पण चाळीतली खोली राहिली, आणि गावाकडची भाताची व काजूची थोडी जमीनही राहिली. परिणामी १६० चौरस फुटांच्या त्या खोलीतील पोटमाळ्याचा अर्धा भाग गावाला न्यावयाच्या सामानाने भरलेला असे. पाण्याच्या पाइपची वेटोळी, तारेची बंडले, जुना पंप, दोन पिंपे! गावी ते ठेवण्यास जागा नाही, म्हणून मुंबईत. आणि मुंबईत जागा कोणालाच नाही. गावी पूर्वी बांबूच्या मेढींवर पत्र्याची एक खोपटी होती. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तिचे छप्पर उडाले, त्यातील एक पत्रा शेजारच्या गोठ्यावर जाऊन पडला आणि त्यांची एक शेळी दगावली. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. काकांना मात्र ती गोष्ट फार लागली.

चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि पुढच्या चाळींतील रहिवाशांचीही आवराआवर सुरू झाली. काकांनी आम्हांस बोलावून घेतले. "नव्या घरात माणसं मावतील, हे सामान नाही मावायचं. तू सरकारी शेतकी अधिकारी ना? मग सांग, गावी उडणार नाही अशी खोली कशी बांधायची?" असे म्हणून त्यांनी खडू घेतला आणि सामान बाजूला सारून खोलीच्या जमिनीवरच पंपाची, गोणींची, पिंपांची जागा आखून दाखविली. गावची खोली एवढीच असावी, हा त्यांचा हिशेब. पन्नास वर्षे ज्या जागेत संसार केला तिचे माप त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

ही चाळच ह्या कामी आमची पहिली शिक्षक ठरली. मुंबईत १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले व त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी सलोह काँक्रीटच्या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत अशा १२१ चाळी होत्या. झपाट्याने, एकाच नमुन्यावर घरे उभी करण्याचा तो आपल्याकडील एक फार मोठा प्रयोग होय. भिंती भक्कम झाल्या. परंतु खिडक्यांच्या जागी सुरुवातीस काँक्रीटच्या आडव्या तिरप्या पट्ट्या बसविल्या होत्या. त्यांतून उजेड व वारा पुरेसा येईना, तेव्हा पुढे त्या काढून खिडक्या कराव्या लागल्या. ही हकीकत काकांनी जुन्या रहिवाशांकडून ऐकलेली. "वारा नसला तरी माणूस कसाबसा राहतो, पेंढा राहत नाही," असे ते म्हणाले. पेंढ्याविषयीचे हे विधान शास्त्रदृष्ट्या अगदी बरोबर आहे.

दुसरा धडा छताकडे पाहून मिळाला. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेने काँक्रीटमधील लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे वरचा थर फुगतो, तडकतो आणि खपले पडू लागतात. तयार फळी अवघी दीड-दोन इंच जाडीची. तिच्यातील तार एका अंगाला सरकलेली असेल, तर हाच प्रकार थोड्याच वर्षांत होतो. म्हणून फळ्या घेताना कारखान्यातील एखादी मोडकी फळी मागून घ्यावी आणि तिचे मोडलेले तोंड पाहावे. तार मधोमध असली पाहिजे व खडी सगळीकडे सारखी भरलेली दिसली पाहिजे. समुद्राची वाळू वापरलेला माल किनाऱ्यावरील शेतकऱ्याने कोणत्याही किमतीस घेऊ नये. फळ्यांवर किती दिवस पाणी मारले हेही विचारावे. दोन आठवडे ओल राखलेली फळी घाई करून वाळविलेल्या फळीपेक्षा कितीतरी चिवट असते. उत्तर देताना मालक अडखळला, तर पुढच्या कारखान्यात जावे हे बरे.

आता मापाविषयी. काकांना १६ फूट लांब व १० फूट रुंद खोली हवी होती. परंतु तयार मालाच्या बांधकामात खोलीचे माप आपण ठरवीत नाही, साचा ठरवितो. आम्ही पाहिलेल्या कारखान्यातील साचा ७ फुटी होता. त्यात आडकाठी घालून ५ फुटी फळी निघत होती. तेव्हा १५ फूट गुणिले १० फूट असे माप नक्की केले. लांबीला तीन गाळे, रुंदीला दोन, सगळ्या फळ्या एकाच मापाच्या. "दहा फूट गेले," काका म्हणाले. पण फळी जागेवर कापली असता तार उघडी पडते व तेथून गंज शिरतो, हे पटवून दिल्यावर त्यांनी ते मान्य केले.

अशा खोलीस दहा खांब लागतात. एक गाळा दारासाठी सोडला, तर उरलेल्या नऊ गाळ्यांत एक फूट उंचीच्या सात-सात, म्हणजे ६३ फळ्या. पाच फूट लांब, एक फूट रुंद व दोन इंच जाड फळीचे वजन सुमारे ५५ ते ५७ किलो भरते. ती दोन माणसांनी उचलावी, एकट्याने शौर्य दाखवू नये. खांबांसह सारे वजन पाच टनांच्या घरात जाते. यास्तव गाडीचे भाडे व शेतापर्यंतचा रस्ता यांचा विचार फळ्यांच्या दराच्या आधी करावा. जवळ चिऱ्याची खाण आणि हाताशी चांगला गवंडी असेल, तर चिऱ्याची भिंत ह्याहून कमी नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. फळ्यांची खोली त्वरेने उभी राहते, हा तिचा मुख्य गुण.

येथे आमची एक चूक नमूद करणे अवश्य आहे. दहाही खांब आम्ही एकाच नमुन्याचे मागविले. मधल्या खांबाला समोरासमोर खाचा असतात. कोपऱ्याच्या खांबाला त्या एकमेकींशी काटकोनात लागतात. खांब उतरवून घेतल्यावर हे ध्यानात आले. कोपऱ्याचे चार खांब नव्याने ओतून, मुरवून मिळेपर्यंत तीन आठवडे गेले आणि तोवर काकांनी आमच्या पदवीविषयी काही बोलून दाखविले नाही, हा त्यांचा मोठेपणा.

तयार भागांच्या घरांत चूक बहुधा सांध्यात व वाहतुकीत होते. स्वातंत्र्यानंतर निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी केंद्र सरकारने दिल्लीत घरांचा कारखाना काढला होता. फेसाळ हलक्या काँक्रीटच्या मोठ्या फळ्या तेथे करावयाच्या होत्या. परंतु त्या तडकू लागल्या आणि ती योजना बाजूस ठेवावी लागली. पुढे १९५३ पासून हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी या नावाने तोच कारखाना इतर काँक्रीटचा तयार माल करू लागला. जे मोठ्या कारखान्याला चुकले नाही ते आपल्यालाही चुकणार नाही. म्हणून फळ्या गाडीत आडव्या न रचता कडेवर उभ्या ठेवाव्यात आणि मध्ये पेंढा घालावा.

जागा उंचवट्याची निवडावी आणि काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. दोरी लावून आखणी केल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. १५ व १० फुटांच्या चौकोनाचा कर्ण १८ फूट व वर जेमतेम पाव-अर्धा इंच येतो. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे काम गुण्यात आहे असे समजावे. खांबासाठी दीड फूट चौरस व अडीच फूट खोल खड्डे घ्यावेत. मागच्या ओळीचे खांब साडेनऊ फुटी, मधले साडेदहा फुटी व पुढचे साडेअकरा फुटी घेतल्यास जमिनीवर अनुक्रमे ७, ८ व ९ फूट उंची राहते आणि छपराला दहा फुटांत दोन फूट उतार मिळतो. कोकणच्या पावसाला ह्याहून कमी उतार देऊ नये. खांब उभे करून, ओळंबा लावून, खालच्या दोन फळ्या खाचांत सरकवून पाहाव्यात आणि मगच खड्ड्यांत काँक्रीट भरावे. आधी खांब पक्के करून मागाहून फळ्या बसविणाऱ्याला अर्ध्या इंचाच्या फरकासाठी खांब उपटावा लागतो. काँक्रीट भरल्यावर आठवडाभर त्यावर पाणी मारावे व तोपर्यंत छपराला हात लावू नये.

छपराविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण काकांचा प्रश्न तोच होता. सतरा फूट गुणिले बारा फूट छपरासाठी अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचे वजन सुमारे ९० किलो होते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो असतो. म्हणजे ह्या छपरावर तो नऊशे किलोंच्या जवळ जातो. हा जोर छपराला खाली दाबीत नाही, बहुतांशी वर ओढतो, आणि कडा व कोपरे यांवर तो अधिक असतो. पत्र्यांवर चार दगड किंवा वाळूच्या गोणी ठेवण्याची आपल्याकडील चाल ह्या हिशेबापुढे टिकत नाही. उलट पत्रा उडाला म्हणजे दगडही उडतो. परंतु एका खड्ड्यातील काँक्रीटचे वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास असते आणि असे दहा खड्डे आहेत. छप्पर खांबांशी घट्ट जखडले, तर वाऱ्याला हे सारे ओझे उचलावे लागते, आणि ते त्याच्याने होत नाही.

यासाठी खांब ओततानाच माथ्याखाली चार इंचांवर पाइपचा तुकडा घालून आरपार भोक ठेवण्यास सांगावे. त्यातून बोल्ट घालून लोखंडी पट्टी बसवावी आणि पट्टीला चौकोनी पोलादी पाइपचे वासे जोडावेत. वाशांवर तीन-तीन फुटांवर आडवे पाइप घ्यावेत व पत्रे आकड्याच्या बोल्टने, रबरी वायसर घालून, पन्हळीच्या उंचवट्यावर आवळावेत. खोलगट भागी भोक पाडल्यास पाणी तेथूनच गळते. कडेच्या ओळींत बोल्ट दुप्पट घ्यावेत.

खोलीची बुटकी पाठ नैर्ऋत्येकडे करावी, म्हणजे पावसाचा मारा बंद भिंतीवर येतो. फळ्या सर्वत्र सात फुटांपर्यंतच घ्याव्यात. त्यायोगे पुढच्या बाजूस दोन फुटांची आणि दोन्ही अंगांस तिरपी मोकळी जागा राहते. तिला बारीक जाळी लावावी. वाऱ्याच्या पाठीकडे असलेल्या ह्या उघड्या जागेमुळे छपराला आतून रेटा बसत नाही, आणि चाळीच्या पहिल्या खिडक्यांसारखी तक्रारही उरत नाही. वादळात वारा दिशा बदलतो हे खरे. त्या रात्रीपुरती जाळीवर ताडपत्री घट्ट बांधावी.

जोते जमिनीपासून फूटभर उंच घेऊन मुरूम धुमसाने चोपावा. खाचांतील फटी सिमेंटने भराव्यात, नाहीतर उंदीर व त्यांच्यामागून साप येतात. खतांच्या गोणी फळकुटांवर ठेवाव्यात. कीटकनाशके कुलूपबंद पेटीत, आणि पेंढ्यापासून व बियाण्यापासून दूर; या बाबतीत जागा कमी असल्याची सबब चालणार नाही. दरवर्षी मे महिन्यात एक दिवस काढून सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत.

खोली उभी राहिल्यावर काकांनी वरळीहून पोटमाळ्याच्या फळ्या आणल्या. त्या त्यांनी स्वतः विकत घेऊन बसविलेल्या होत्या, नेमक्या दहा फुटी. खांबांची जाडी वजा जाता आत रुंदी साडेनऊ फूटच भरली, तेव्हा प्रत्येक फळी सहा इंच कापावी लागली. पंप आता त्यावर आहे.