पबच्या माडीवरची पंगत
ब्रिटनमधला गल्लीतला पब म्हणजे नुसता बिअरचा अड्डा, हे चित्र आता जुनं झालं. १९९१ मध्ये लंडनच्या फॅरिंग्डन भागातल्या ‘द ईगल’ने पबमध्ये चांगल्या जेवणाची वाट दाखवली. आता नूतनीकरणात वरच्या मजल्यावरची अडगळीची खोली बरेचदा खासगी जेवणासाठी सजवली जाते. वाढदिवस, बारसं, अंत्यसंस्कारानंतरचं एकत्र जेवणसुद्धा तिथेच होतं, आणि मला यातच पबचं खरं शेजारपण दिसतं. खोलीला भाडं नसलं, तरी किमान खर्चाची अट असू शकते. ती आधी विचारावी. मोठ्या गटाला पदार्थ आगाऊ कळवावे लागतात, कारण ओव्हन मोजके आणि रविवारचं रोस्ट सगळ्यांना एकदम गरम हवं. अ‍ॅलर्जीबद्दल बिनसंकोच विचारा: १४ घटकांची माहिती देणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे.