हात बसवला, लक्ष कुठून आणायचं?

कागदी कपातला चहा उचलताना आपण कपाकडे धड बघतही नाही. गप्पा चालू असतात, हात जातो, बोटांना कपाचा मऊपणा आणि चहाची धग कळते, पकड आपोआप जुळते. कोपराखाली मायोइलेक्ट्रिक हात बसवलेल्या माणसाला मात्र गप्पा थांबवाव्या लागतात. आधी नजर कपावर, मग कृत्रिम बोटांवर. उरलेल्या हाताचे स्नायू आवळायचे, बोटं कितपत मिटली ते डोळ्यांनी बघायचं आणि कप चेपायच्या आत थांबायचं. जोर किती लागला, हे बोटं सांगत नाहीत.

बातम्यांत असा हात ‘विचारांवर चालणारा’ म्हणून येतो. प्रत्यक्षात तो स्नायूंवर चालतो. उरलेल्या हातावर चढवायच्या खोबणीच्या, म्हणजे सॉकेटच्या आत त्वचेला टेकलेले सहसा दोन इलेक्ट्रोड असतात: एक मनगट आत वाकवणाऱ्या स्नायूंवर, दुसरा बाहेर वाकवणाऱ्यांवर. एका स्नायूच्या क्षीण विद्युतसंकेताने हात मिटतो, दुसऱ्याच्या संकेताने उघडतो. मनगट फिरवायचं असेल तर अनेक हातांत दोन्ही स्नायू एकदम आवळून आधी मोड बदलावा लागतो. दाराची किल्ली फिरवायची तर पकडा, मोड बदला, फिरवा, परत मोड बदला, सोडा. गिअरची गाडी शिकताना पहिल्या दिवसांत जसं सगळं डोकं पायाशी आणि दांड्याशी गुंतलेलं असतं, तसं हे दिवसभर चालतं. कृत्रिम हात वापरणाऱ्यांच्या नजरेचा माग काढणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे: आपली नजर पुढच्या वस्तूवर आधीच पोचलेली असते, त्यांची हातावर खिळून राहते.

डेव्हिड डॉरन्स यांनी 1912 मध्ये पेटंट घेतलेला, खांद्याच्या हालचालीने तारेवर चालणारा हुक आजही टिकून आहे, तो काही केवळ स्वस्त म्हणून नाही. तारेचा ताण खांद्याला जाणवतो, त्यामुळे हुक किती उघडला आणि कितपत ओढ बसली याचा अंदाज न बघता येतो. पाच बोटांचा देखणा हात डोक्यावर जास्त ओझं टाकतो, ही गोष्ट विकणाऱ्याने आधी सांगायला हवी.

मायोइलेक्ट्रिक हाताचा सराव होतो टेबलाशी बसून, कोपर वाकवून. घरी फडताळावरचा डबा काढायला हात वर गेला की स्नायूंचे संकेत बदलतात. घाम आला की इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. मे महिन्यात विदर्भात हे काय होत असेल, याची कल्पना करा. हात मनाविरुद्ध उघडतो, वस्तू पडते आणि माणूस चारचौघांत तो वापरायचं टाळू लागतो. त्याआधीच्या 25 वर्षांतल्या अभ्यासांचा 2007 मध्ये आढावा घेतला गेला. त्यात विजेवर चालणारा हात सोडून देणाऱ्यांचं सरासरी प्रमाण मोठ्यांमध्ये 23 टक्के, मुलांमध्ये 35 टक्के निघालं. याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. उरलेल्या हाताच्या टोकाला स्पर्श कळतो, सॉकेट तोच झाकून टाकतं. जन्मतः हात नसलेलं मूल त्या टोकाने वही दाबून धरतं, पिशवी अडकवतं. ते सॉकेट काढून ठेवतं तेव्हा हिशेब बरोबरच करत असतं.

संशोधन आता स्पर्श परत आणू पाहतं आहे. क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या प्रयोगांत उरलेल्या मज्जातंतूंभोवती इलेक्ट्रोड बसवल्यावर माणसाला चेरी न चिरडता तिचा देठ तोडता आला. पण ते दवाखान्यात सर्रास यायला वेळ आहे.

आपल्याकडे कडबा कुट्टी, पॉवर प्रेस, उच्चदाबाची तार अशा अपघातांत कमावता हात जातो. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर 1944 पासून आहे, मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण गावातल्या माणसाच्या वाट्याला बहुधा शिबिर येतं. तिथे हात मिळतो, फोटो निघतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टसोबतचे आठवडे मिळत नाहीत. खरं शिक्षण त्या आठवड्यांतच असतं: हात बसवण्याआधी नुसते स्नायू वेगवेगळे आवळायला शिकणं, मग लाकडी ठोकळे, मग स्पंज, मग कृत्रिम हाताने काकडी धरून चांगल्या हाताने चिरणं. देणगीदारांनी हातांची संख्या थोडी कमी करावी आणि उरलेल्या पैशांतून प्रत्येकाला सरावाच्या पुढच्या तारखा, एसटीचं भाडं आणि त्या दिवसांची बुडालेली मजुरी द्यावी.