मताधिकार नसलेल्यांचे वकील

लोकशाही राज्यात प्रत्येक वर्गाचे गाऱ्हाणे मांडणारा कोणी ना कोणी असतो. शेतकऱ्यांच्या सभा असतात, कामगारांचे संघ असतात, व्यापाऱ्यांची मंडळे असतात. बालकाला मात्र मत नाही, संघ नाही, आणि पाळण्यातल्या मुलाला तर शब्दही नाही. त्याचे हित पाहावयाचे ते आईबापांनी, आणि त्यांच्या खालोखाल त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी. परंतु डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहून थांबावे, की सरकारने काय करावे हेही सांगावे? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची सर्वांत मोठी संघटना याच प्रश्नातून जन्मास आली, आणि नव्वदांहून अधिक वर्षे लोटली तरी हा प्रश्न तिची पाठ सोडीत नाही.

१९२१ साली अमेरिकेच्या काँग्रेसने माता व अर्भके यांच्या आरोग्यासाठी एक कायदा संमत केला. तो मांडणाऱ्या दोघा सभासदांच्या नावांवरून तो शेपर्ड-टाउनर कायदा म्हणून ओळखला जातो. मध्यवर्ती सरकारने घटक राज्यांना पैसा द्यावा आणि राज्यांनी त्यातून आरोग्यकेंद्रे चालवावी, परिचारिका घरोघर पाठवाव्या, सुइणींना शिक्षण द्यावे, असे त्याचे स्वरूप होते. देशातील डॉक्टरांची प्रबळ संघटना जी अमेरिकन मेडिकल असोसिएशन, तिला हा आपल्या व्यवसायात सरकारचा शिरकाव वाटला. १९२२ साली सेंट लुई येथील अधिवेशनात तिच्या प्रतिनिधिसभेने या कायद्याचा निषेध केला. गंमत अशी, की त्याच अधिवेशनात तिच्याच बालरोग विभागाने कायद्याला पाठिंबा दिला! प्रतिनिधिसभेने विभागाची कानउघाडणी केली आणि यापुढे कोणत्याही विभागाने स्वतंत्रपणे धोरण जाहीर करू नये, असा नियम करून टाकला. १९२९ साली तो कायदाही संपुष्टात आला. तथापि नियमाने मन बांधले जात नाही. १९३० च्या जून महिन्यात ३५ बालरोगतज्ज्ञ डेट्रॉइट येथे जमले आणि त्यांनी ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स’ ही आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली. आयझॅक अ‍ॅब्ट हे तिचे पहिले अध्यक्ष. आज तिचे सदस्य साठ हजारांहून अधिक आहेत.

ही संस्था आपले म्हणणे धोरणपत्रकांच्या रूपाने मांडते. मुलाला कसे निजवावे, काय भरवावे, कोणती लस केव्हा टोचावी, येथपासून कायदेमंडळाने काय करावे येथपर्यंत सर्व विषय त्यांत येतात. या पत्रकांचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रत्येक पत्रकाला पाच वर्षांची मुदत असते. त्या अवधीत ते पुन्हा मान्य केले नाही, सुधारले नाही किंवा मागे घेतले नाही, तर ते आपोआप रद्द होते. म्हणजे आपला सल्ला नाशवंत आहे, हे संस्थेने स्वतःच्या नियमांतच लिहून ठेवले आहे. तसे लिहून ठेवणे किती आवश्यक होते, हे तिच्या इतिहासावरून दिसून येते.

भुईमुगाच्या दाण्याचेच उदाहरण घ्यावे. आपल्याकडे घरोघर कुटाचा डबा असतो. पाश्चात्त्य देशांत मात्र हा दाणा काही मुलांच्या जिवावर बेततो. तो खाताच अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, क्वचित मृत्यूही ओढवतो. म्हणून २००० साली अ‍ॅकॅडमीने सांगितले, की ज्यांच्या घराण्यात असा दोष आहे त्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणा देऊ नये. सल्ला सावधपणाचा होता, पण त्याच्या बुडाशी भक्कम पुरावा नव्हता. २००८ साली संस्थेने तो मागे घेतला. पुढे २०१५ साली लंडनमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अशा धोक्यातील ६४० अर्भकांपैकी काहींना दाण्याचे पदार्थ नियमाने भरविले, काहींना पाच वर्षांपर्यंत मुळीच दिले नाहीत. न दिलेल्यांपैकी शेकडा सुमारे १७ मुलांना हा दोष जडला. दिलेल्यांपैकी शेकडा सुमारे ३ मुलांनाच. जी वस्तू दूर ठेवून रक्षण होईल असे वाटले होते, ती वेळीच आणि योग्य रूपात दिल्याने रक्षण होत होते. योग्य रूप म्हणजे मऊ लगदा किंवा तसाच विरघळणारा पदार्थ. अख्खा दाणा तान्ह्या मुलाच्या घशात अडकतो.

दुसरे उदाहरण निजवण्याचे. ओकारी झाली तर दूध घशात जाऊन मूल गुदमरेल, या भीतीने पाश्चात्त्य डॉक्टर कित्येक दशके अर्भकाला पालथे निजवण्यास सांगत. पण पालथी निजलेली निरोगी मुले झोपेतच अकस्मात दगावण्याचे प्रमाण अधिक आहे, असा पुरावा हळूहळू साचत गेला. अ‍ॅकॅडमीने १९९२ साली पालथे निजवू नये असे सांगितले, आणि १९९४ पासून मुलाला उताणे निजवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. दहा वर्षांच्या आत अशा मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. यशाची ही कथा ऐकून समाधान वाटते. पण तिला दुसरी बाजू आहे. उपलब्ध पुरावा नीट एकत्र केला असता, तर हा धोका १९७० च्या सुमारासच ओळखता आला असता आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया मिळून निदान पन्नास हजार अर्भके कदाचित वाचली असती, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले. तज्ज्ञांच्या विलंबाची किंमत ही अशी असते.

विलंब घातक, तशी घाईही निर्दोष नव्हे. काही लसी टिकाव्या म्हणून त्यांत थायमेरोसाल नावाचे पाऱ्याचे संयुग अल्प प्रमाणात घालीत असत. १९९९ च्या जुलै महिन्यात अ‍ॅकॅडमी व सरकारी आरोग्यखाते यांनी संयुक्त पत्रक काढून ते शक्य तितक्या लवकर काढून टाकावे असे सांगितले. अपाय झाल्याचा पुरावा नव्हता. केवळ खबरदारी म्हणून हे पाऊल होते. पण लोकांनी साधा हिशेब केला: अपाय नाही, तर काढता कशाला? काही रुग्णालयांनी नवजात मुलांना ‘ब’ काविळीची लस देणेही थांबविले. पुढील संशोधनात या पदार्थाचा आणि स्वमग्नतेचा संबंध आढळला नाही, तरी मनात पेरलेली शंका सहजी उपटता आली नाही. २०१० साली तर याहून मोठी चूक झाली. मुलींच्या जननेंद्रियांना इजा करण्याची जी प्रथा काही समाजांत आहे, तिच्याऐवजी नाममात्र टोचणी करण्यास कायद्याने मुभा द्यावी, म्हणजे मोठी इजा टळेल, असे एका पत्रकात सुचविले गेले. जगभर संतापाची लाट उसळली, आणि काही आठवड्यांतच ते पत्रक मागे घ्यावे लागले.

राज्यसत्तेशीही संस्थेचे खटके उडाले आहेत. घरात विष कोठे ठेवता, बंदूक आहे काय, असे डॉक्टर पालकांना विचारीत. फ्लोरिडा राज्याने २०११ साली बंदुकीविषयीच्या प्रश्नांवर कायद्याने निर्बंध घातले. अ‍ॅकॅडमीची तेथील शाखा इतर डॉक्टरांसह न्यायालयात गेली आणि २०१७ साली तो कायदा मुख्यत्वे भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर कोसळला. २०२५ साली केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी निरोगी मुलांसाठी कोविड लशीची शिफारस मागे घेतली, तेव्हा संस्थेने जुलैमध्ये न्यायालयात दाद मागितली आणि ऑगस्टमध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना ती लस द्यावी, अशी स्वतःची वेगळी शिफारस प्रसिद्ध केली. १९२२ साली सरकारच्या बाजूने उभे राहून ज्यांनी स्वव्यवसायाचा रोष पत्करला, त्यांचे वारस आता सरकारविरुद्ध उभे होते. बाजू बदलली, मूळ प्रश्न तोच राहिला.

वकिलाला पैसा कोण देतो, हेही अशिलाने पाहावे लागते. लठ्ठपणाविरुद्ध उपदेश करणाऱ्या या संस्थेने काही वर्षे कोका-कोला कंपनीकडून पैसा घेतला. टीका झाल्यावर २०१५ साली तो संबंध संपला. मातेच्या दुधाचा पुरस्कार करताना दुधाची भुकटी विकणाऱ्या कंपन्यांचे साह्य घेतल्याबद्दलही तिच्यावर टीका झाली आहे. या बाबतीत भारताने वेगळा मार्ग धरला. १९९२ च्या आणि २००३ साली अधिक कडक केलेल्या कायद्याने अर्भकांच्या दुग्धपर्यायी अन्नाचे उत्पादक डॉक्टरांना किंवा त्यांच्या संघटनांना परिषदांसाठीही पैसा देऊ शकत नाहीत. १९६३ साली स्थापन झालेली भारतातील बालरोगतज्ज्ञांची अकादमीही या कायद्याच्या कक्षेत येते.

सर्व वाद मिटले आहेत असे नाही. आपण मुलगा की मुलगी याविषयी मनात द्वंद्व असणाऱ्या मुलांवर कोणते उपचार करावे, यासंबंधी संस्थेचे २०१८ चे पत्रक आहे. २०२३ साली तिने ते कायम ठेवले आणि त्याच वेळी सर्व पुराव्याचे पद्धतशीर परीक्षण करण्याचेही ठरविले. परीक्षण आधी आणि निर्णय मागाहून हवा होता, असे टीकाकार म्हणतात. दरम्यान मुलांना उपचारांविना ठेवता येत नाही, असे समर्थक म्हणतात.

तर मग सामान्य आईबापांनी यातून काय घ्यावे? तज्ज्ञही चुकतात, म्हणून शेजारणीचा सल्ला बरा, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण तो घातक आहे. दाण्याविषयीची चूक शोधली ती शास्त्रज्ञांनीच, आणि उताणे निजवण्याचा सल्ला देऊन सहस्रावधी मुले वाचविली तीही डॉक्टरांनीच. सल्ला कधीच बदलला नाही, ही विश्वासाची खूण नव्हे. तो का बदलला हे उघडपणे सांगितले काय, पुरावा सर्वांपुढे मांडला काय, आणि सांगणाऱ्याच्या खिशात कोणाचा पैसा आहे, हे विचारावे. पाळण्यातले मूल हे प्रश्न विचारू शकत नाही. ते विचारण्याचे काम आईबापांचे, आणि त्यांची सरळ उत्तरे देण्याचे काम डॉक्टरांचे.