मास्क घालून विहिरीत उतरू नका

मोताळ्याच्या एका शेतकरी वाचकांचा प्रश्न तातडीचा आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून या वाचकांच्या घरात दोन डब्यांचा रबरी मास्क घातल्याशिवाय कुणी पंप पाठीवर घेत नाही. आता वावरातल्या जुन्या विहिरीचा गाळ काढायचा आहे. "विहिरीत गॅस असतो म्हणतात. हाच मास्क लावून उतरलं तर चालेल ना?"

नाही, अजिबात चालणार नाही.

हा मास्क हवा गाळतो, हवा पुरवत नाही. डब्यातला सक्रिय कोळसा कीटकनाशकाची वाफ धरून ठेवतो, त्यापुढची गाळणी तुषार आणि धूळ अडवते. प्राणवायू मात्र बाहेर जेवढा, तेवढाच आत येतो. मोकळ्या वावरात तो सुमारे 21 टक्के असतो. 19.5 टक्क्यांच्या खाली गाळणीचा कुठलाही मास्क, कितीही महाग असो, वापरायचा नाही. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत पालापाचोळा आणि गाळ कुजताना प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेच्या दीडपट जड, म्हणून तळाशी बसतो, आणि कोळसा त्याला अडवत नाही. पाणी उपसायला विहिरीत डिझेल इंजिन उतरवलं असेल, तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइडही कोळशातून आरपार जातो. त्याला ना रंग, ना वास. प्राणवायू फारच कमी असेल तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं वाकडी गाव. बायोगॅसची मळी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण तेवढा वर ओढता आला आणि वाचला. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने 1986 सालीच बजावलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृतांमध्ये साठ टक्क्यांहून अधिक वाचवायला गेलेलेच असतात. वाकडीची बातमी वाचल्यापासून तो आकडा माझ्या डोक्यातून जात नाही.

दोराला कंदील बांधून सोडायची जुनी रीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे खरंच. पण तो जळत राहिला म्हणून हवा चांगली, असं धरू नका. विषारी वायू त्यातून कळत नाही. मळीच्या खड्ड्यात तर ज्योत न्यायचीच नाही, तिथे मिथेन पेटतो. सडक्या अंड्यांचा वास थांबला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला त्याचा वास येईनासा होतो.

शक्य असेल तर उतरूच नका. गाळ यारीने वरून काढता येतो. उतरावंच लागलं तर आधी ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून भरपूर हवा भरा, काम चालू असेपर्यंत ब्लोअर चालू ठेवा आणि वायुमापकाने हवा तपासा. इंजिनाचा धूर ब्लोअरमध्ये ओढला जाणार नाही, एवढ्या लांब इंजिन ठेवा. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन विहिरीत सोडू नका, एका ठिणगीने आग भडकते. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा आणि दोर, आणि काठावर ओढायला माणसं हवीतच.

खाली कुणी कोसळलं, तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर असेल तर ओढा, वरून हवा सोडा आणि 112 वर फोन करा. तिथे पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला संचच लागतो, आणि तोही शिकलेल्या माणसाच्या अंगावर. आपल्या जवळच्या अग्निशमन दलाकडे असा संच आहे का, हे गाळ काढायच्या आधी विचारा आणि त्यांचा नंबर विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवर रंगवून ठेवा.