बर्लिनची पाइपलाइन, वॉर्साची धास्ती

कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात एक अख्खं पोलिश गाव वसलं होतं. सुमारे पाच हजारांची वस्ती, त्यात बायका-मुलंच जास्त. त्यांची शाळा वेगळी, चर्च वेगळं. दुसऱ्या महायुद्धात परागंदा झालेले पोलिश म्हणजे हिटलरच्या तावडीतून सुटलेले, असंच कुणालाही वाटेल. पण वळिवड्याच्या बहुतेक पोलिशांना घरातून उचललं होतं ते हिटलरनं नव्हे, स्टालिननं!

त्याचं झालं असं : २३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं मॉस्कोत अनाक्रमणाचा करार केला. कराराला एक गुप्त पुरवणी होती आणि तिच्यात पोलंडची वाटणी होती. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून हिटलर घुसला, १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिन. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं १९४० आणि ४१ मध्ये मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात धाडण्यात आली. पुढे हिटलर रशियावरच उलटला, स्टालिनला मित्रांची गरज पडली आणि यांतल्या अनेकांची सुटका झाली. त्यांपैकी काही इराणमार्गे भारतात पोहोचले. जामनगरच्या जामसाहेबांनी मुलांना बालाचडीत आसरा दिला, मोठी छावणी वळिवड्यात उभी राहिली. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे जाऊन आदरांजली वाहिली.

पोलंडमध्ये रशियाचा विषय निघाला की ही मालगाडी आधी आठवते. जर्मनीत तोच विषय निघाला की आठवतं स्टालिनग्राड, लेनिनग्राडचा वेढा आणि त्या युद्धात मेलेले अडीच कोटींहून अधिक सोव्हिएत नागरिक. म्हणजे एकाची आठवण मार खाल्ल्याची, दुसऱ्याची मार दिल्याची. शेजारी-शेजारी राहणाऱ्या या दोन देशांना पूर्वेचं क्षितिज इतकं वेगळं का दिसतं, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. जर्मनांची खंत खोटी नव्हती. मात्र त्या मृतांमध्ये युक्रेन आणि बेलारूसची माणसं अतोनात होती, हे विसरून प्रायश्चित्ताचा सगळा हिशेब मॉस्कोच्या नावावर मांडला गेला.

अटलबिहारी वाजपेयी म्हणत की मित्र बदलता येतात, शेजारी बदलता येत नाहीत. पोलंडची पंचाईत अशी की शेजारीच त्याला बदलत आले! अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रियानं तीन खेपांत त्याचे लचके तोडले आणि १२३ वर्षं हा देश नकाशावरून नाहीसा झाला. १९४५ मध्ये तर सगळा पोलंडच पश्चिमेला सरकवण्यात आला. पूर्वेची ल्वूफ आणि विल्नो ही शहरं सोव्हिएत रशियाकडे गेली. मोबदल्यात जर्मनीचा मुलूख मिळाला. ब्रेसलाऊचं व्रोत्सवाफ झालं. तिथले जर्मन हाकलले गेले आणि ल्वूफहून उखडलेली अनेक पोलिश कुटुंबं त्यांच्या रिकाम्या घरांत राहायला आली.

या कुटुंबांसोबत एक चित्रही आलं. ११४ मीटर लांब, १५ मीटर उंच, गोलाकार दालनात लावायचं. विषय : १७९४ ची रात्सवावित्सेची लढाई. कोश्चुश्को या सेनानीच्या हाताखाली विळे-कोयते घेतलेल्या शेतकऱ्यांनी रशियन फौजेला धूळ चारली, तो प्रसंग. चित्र १९४६ मध्ये व्रोत्सवाफला पोहोचलं, पण लोकांना पाहायला मिळालं ते १९८५ मध्ये. रशियाच्या मांडीवर बसलेल्या सरकारनं रशियाचा पराभव भिंतीवर टांगायचा तरी कसा?

गावं गेली, घरं गेली. अशा देशानं पुढची पन्नास वर्षं ‘आमचं ल्वूफ परत द्या’ म्हणून आक्रोश केला असता तर नवल नव्हतं. तसं झालं नाही, याचं बरंचसं श्रेय एका मासिकाला जातं. येझी गेद्रोइत्स हा मिन्स्कमध्ये जन्मलेला संपादक पॅरिसजवळच्या एका घरातून ‘कुल्तुरा’ हे मासिक चालवत असे. १९४७ पासून २००० मध्ये मरेपर्यंत त्यानं ते चालवलं. ल्वूफ युक्रेनचं आणि विल्नो लिथुआनियाचं मान्य करून टाकावं, असं सांगणारं एका वाचकाचं पत्र त्यानं १९५२ मध्ये छापलं आणि परदेशस्थ पोलिशांमध्ये एकच गदारोळ उडाला. गेद्रोइत्स हलला नाही. त्याचा लेखक युलियुश म्येरोशेफ्स्की यानं १९७४ मध्ये हा विचार आणखी नेटका मांडला. युक्रेन, लिथुआनिया, बेलारूस स्वतंत्र असतील तर रशिया साम्राज्य राहत नाही, आणि रशिया साम्राज्य नसेल तरच पोलंड निर्धास्त. मग तिथल्या जमिनीवर हक्क कशाला सांगायचा? १ डिसेंबर १९९१ ला युक्रेननं स्वातंत्र्याचा कौल दिला. दुसऱ्याच दिवशी त्याला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांत पोलंड होता.

जर्मनीनं काढलेला मार्ग निराळा. ७ डिसेंबर १९७० रोजी चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सातल्या ज्यूंच्या स्मारकापुढे अचानक गुडघे टेकून बसले. ते छायाचित्र जगभर गाजलं. त्याच दिवशी त्यांनी पोलंडची नवी पश्चिम सीमा मान्य करणाऱ्या करारावर सही केली. पण त्याच वर्षी, फेब्रुवारीत, आणखी एक करार झाला होता. पश्चिम जर्मनीनं पोलादी पाइप द्यायचे, सोव्हिएत रशियानं गॅस द्यायचा. व्यापार वाढला की समोरचा हळूहळू बदलतो, हा त्यामागचा विश्वास. १९९० मध्ये गोळी न झाडता जर्मनी एक झाली, गोर्बाचेव्ह आडवे आले नाहीत, तेव्हा हा विश्वास जवळपास श्रद्धाच बनला.

श्रद्धेला धंद्याची जोड मिळाली ती ८ सप्टेंबर २००५ रोजी. बाल्टिक समुद्राच्या तळातून रशिया ते जर्मनी अशी थेट, १,२२४ किलोमीटरची ‘नॉर्ड स्ट्रीम’ टाकायचं बर्लिनमध्ये पुतिन यांच्या साक्षीनं ठरलं. दहाच दिवसांनी निवडणुकीत हात पोळलेले चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर काही महिन्यांतच त्याच कंपनीच्या भागधारक समितीचे प्रमुख झाले!

पोलंडमध्ये संतापाची लाट उसळली. तोवर रशियन गॅस पोलंड, युक्रेनच्या जमिनीवरून पश्चिमेला जात होता. त्यांची कोंडी करायची तर जर्मनीचीही होणार, हा त्यांचा विमा. नवी पाइपलाइन आली की विमा रद्द. संरक्षणमंत्री रादोस्वाफ शिकोर्स्की यांनी २००६ मध्ये या सौद्याची तुलना थेट १९३९ च्या कराराशी केली. जर्मन दुखावले. तुलना भडक होती, यात शंका नाही. हिटलरचा करार आणि गॅसचा सौदा एका पंक्तीत बसत नाहीत. पण पोलिशांच्या डोक्यावरून जर्मनी आणि रशियानं परस्पर हात मिळवणं, ही भीती तिथल्या प्रत्येक घराला ओळखीची होती.

ऑगस्ट २००८ मध्ये रशियन रणगाडे जॉर्जियात शिरले, तेव्हा पोलंडचे अध्यक्ष लेख काचिन्स्की तिबिलिसीच्या सभेत जाहीरपणे बजावून आले : आज जॉर्जिया, उद्या युक्रेन, परवा बाल्टिक देश आणि मग कदाचित माझा पोलंड. बर्लिनमध्ये याला पोलिशांचा जुना आजार समजण्यात आलं. २०१४ मध्ये क्रिमिया गेला. २०१५ मध्ये व्लादिवोस्तोकमध्ये दुसऱ्या ‘नॉर्ड स्ट्रीम’चा करार झाला. पोलंड मात्र बोलून थांबला नाही. श्विनोउइश्चे बंदरात त्यानं जहाजानं येणारा गॅस उतरवण्याची सोय केली आणि नॉर्वेहून स्वतःची पाइपलाइन आखली.

२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त रशियाचा होता. जहाजातून गॅस घेण्यासाठी एकही बंदर तयार नव्हतं. एप्रिलमध्ये रशियानं पोलंडचा गॅस तोडला. पोलंडनं तो धक्का निभावला. त्याच महिन्यात जर्मनीचे अध्यक्ष श्टाइनमायर यांनी दुसऱ्या पाइपलाइनचा हट्ट ही चूक होती, अशी कबुली दिली. २६ सप्टेंबरला बाल्टिकच्या तळाशी नॉर्ड स्ट्रीम स्फोटांनी फुटली. योगायोग असा की दुसऱ्याच दिवशी पोलंडच्या नॉर्वेजियन पाइपलाइनचं उद्घाटन होतं.

मात्र शहाणपण वॉर्साचं आणि चुका बर्लिनच्या, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. युक्रेनच्या लाखो निर्वासितांना पोलिशांनी घरात घेतलं. पण वर्षभरानं तिथलं स्वस्त धान्य बाजारात उतरलं तेव्हा पोलिश शेतकऱ्यांचं पित्त खवळलं. एप्रिल २०२३ मध्ये सरकारनं आयात बंद केली. पुढे ट्रक आणि ट्रॅक्टर आडवे घालून सीमाच अडवल्या गेल्या. जुनी जखमही आहे. १९४३ मध्ये व्होल्हिनियात युक्रेनी राष्ट्रवाद्यांनी हजारो पोलिश गावकऱ्यांची कत्तल केली होती. त्यांचे सांगाडे उकरून रीतसर दफन करू द्या, ही पोलंडची मागणी वर्षानुवर्षं अडून राहिली. २०२५ च्या वसंतात पुझ्निकी या उजाड गावात काम सुरू झालं, ते युद्धाचे गोळे चालू असतानाच. दुसरीकडे, २०२२ मध्येच पोलंडनं जर्मनीकडे महायुद्धाच्या भरपाईपोटी सहा लाख कोटी झ्लॉटींहून मोठी रक्कम मागितली. जर्मनीनं हा विषय संपल्याचं सांगून हात झटकले.

जर्मनीही बदलते आहे. मे २०२५ मध्ये लिथुआनियात जर्मन ब्रिगेडची औपचारिक स्थापना झाली. सुमारे पाच हजार जवान तिथे कायम राहायचे आहेत. महायुद्धानंतर परदेशात असं ठाण मांडण्याची जर्मन लष्कराची ही पहिलीच खेप. पोलंडच्या पूर्व सीमेलगत जर्मन रणगाडे, आणि पोलंडची हरकत नाही! शिकोर्स्की यांनी २०११ मध्ये बर्लिनमध्येच सांगितलं होतं की जर्मनीच्या ताकदीपेक्षा तिच्या निष्क्रियतेची आपल्याला जास्त धास्ती वाटू लागली आहे.

तरी पाइपलाइनचं भूत उतरलेलं नाही. स्फोटांच्या तपासात जर्मनीला हवा असलेला एक युक्रेनी संशयित २०२५ मध्ये पोलंडमध्ये पकडला गेला. जर्मनीनं त्याला मागितलं. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क म्हणाले की ती पाइपलाइन उडवली गेली हा प्रश्न नाही, ती बांधली गेली हा प्रश्न आहे. ऑक्टोबरमध्ये वॉर्साच्या न्यायालयानं त्याला जर्मनीच्या हवाली करायला नकार दिला आणि तो सुटून बाहेर पडला.